भरदुपारची तिन्हीसांज

सुचेता रणदिवे माझ्या दाराची बेल कधी वाजवत नाही. लेटरबॉक्सची झडप दोनदा आपटते आणि त्यातूनच हाक मारते, "बाई, आहात ना?" माझ्यासारखी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई कॉव्हेंट्रीत सकाळी आठ वाजता जाऊन जाऊन जाणार कुठे? पण मी "आहे गं" म्हणेपर्यंत ती थांबते. जूनमधल्या त्या मंगळवारी झडप पाच वेळा आपटली. मी दार पुरतं उघडायच्या आत ती स्वयंपाकघरात पोचली होती. अंगात कोट, पायात घरातल्या सपाता, हातात फोन.

"बघा. रविवारी हा ठिपका एवढा लाल नव्हता."

मी चष्मा शोधला. आकाशातून काढलेलं चित्र होतं. राखाडी कातडीवर एक खोलगट वण असावा तसा खड्डा आणि त्याच्या मध्यभागी टिकलीएवढा लाल ठिपका.

"हे काय आहे?"

"माझा डोंगर. आणि परवा मायरा त्याच्यावर चढायला चाललीय."

सुचेताचा डोंगर म्हणजे टांझानियातला ओल दोइन्यो लेंगाई. मसाई लोकांच्या भाषेत, देवाचा डोंगर. सुचेताचा जन्म तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या अरुशा गावातला. तिच्या वडिलांचा तिथे फोटो स्टुडिओ होता, खाली दुकान आणि वर घर. अठराव्या वर्षी ती या देशात आली आणि याच शहरात राहिली. इतकी वर्षं झाली तरी बॉयलर बिघडला की ती मेकॅनिकला बोलावत नाही, "फुंडी"ला बोलावते. बावीस वर्षं तिने शाळेसमोर लॉलीपॉप लेडीचं काम केलं. पिवळा कोट घालून, गोल पाटीची काठी रस्त्यात रोवून गाड्या थांबवायच्या आणि पोरांना पलीकडे न्यायचं. पाऊस असो, बर्फ असो, एक दिवस चुकला नाही. आजही रस्त्यात चाळिशीतले दाढीवाले बाप्ये तिला पाहून "मिसेस रणदिवे!" म्हणून थांबतात, आणि ती त्यांना आधी उजवीकडे बघायला सांगते.

मी लेकीकडे, ऋजुताकडे राहायला आले त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात खिडकीशी बसून मी फक्त रडत होते. आयुष्य रंगमंचावर गेलेलं, आणि इथे चार वाजताच अंधाराचा पडदा पडायचा. तीन घरं सोडून राहणारी ही बाई एक दिवस चिवड्याचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही नाटकातल्या ना? मग एकट्या बसून काय रडता? चार माणसांसमोर रडा, काही उपयोग तरी होईल." तेव्हापासून आमचं जमलं.

मायरा तिची नात. मुलगा मिहीर बेसिंगस्टोकला असतो, पण मायराचं विद्यापीठ इथून जवळ, म्हणून ती आजीकडे. ज्वालामुखींचा अभ्यास करते. इतक्या मोठ्या पृथ्वीवर पोरीने प्रबंधासाठी नेमका हाच डोंगर निवडला. गुरुवारी सकाळचं विमान, पाच आठवड्यांचा मुक्काम, रोज वर जाऊन वायूंची मोजणी.

"डोंगर पेटला की आमच्या घरातलं काहीतरी घेतो," सुचेता म्हणाली. ती अजून उभीच होती. "सहासष्ट साली पेटला. सहा महिन्यांत सरकारने सगळं ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आधी बँका, मग इमारती. एकाहत्तरमध्ये आमचा स्टुडिओ गेला. माझे वडील, आप्पा, इथे आले आणि दोन हिवाळ्यांत गेले. पुन्हा पेटला दोन हजार सातच्या सप्टेंबरात. त्याच महिन्यात आमचे हे, उल्हास, गेले, चहाचा कप हातात असताना. आता हा ठिपका."

मी तिला हसले नाही. आम्ही नाटकवाले शकुनांवरच जगलो. मिरजेला एकदा नारळ फोडल्यावर मधलाच दिवा फुटला, तेव्हा आमच्या मॅनेजरने दुसरा नारळ फोडल्याशिवाय तिसरी घंटा दिली नव्हती. भीतीला पुरावा लागत नाही, हे मला ठाऊक आहे.

तिने कोटाच्या खिशातून जाड तपकिरी लिफाफा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"हे चार दिवस ठेवा. काय आहे ते विचारू नका."

विचारायची गरज नव्हती. पासपोर्ट हाताला कळतो. मी तेव्हाच "नाही" म्हणायला हवं होतं. पण ती कोटाची बटणं लावत दाराकडे निघालीसुद्धा. मी लिफाफा माझ्या जुन्या मेकअपच्या पेटीत, रंगांच्या डब्यांखाली सरकवला.

संध्याकाळी पाच वाजता मायरा आली. केस विस्कटलेले, गळ्यात हेडफोन.

"नाटकवाली आजी, सॉरी हं, सिली क्वेश्चन. माझी पासपोर्ट तुमच्याकडे नाही ना राहिली? मी रविवारी इथे चहा पिला तेव्हा बॅग होता माझ्याकडे."

"नाही गं राणी," मी म्हणाले. "इथे कसा राहील?"

चाळीस वर्षं मी दिव्यांखाली खोटं बोलले आणि लोकांनी टाळ्या दिल्या. हे वाक्य त्या सगळ्यांपेक्षा सफाईदार गेलं. पोरीने विश्वास ठेवला, सोफ्यामागे, बुटांच्या कपाटात, फ्रिजमध्येसुद्धा पाहिलं. जाताना म्हणाली, "उद्या अकरापर्यंत नाही भेटली तर मी ऑनलाइन लॉस्ट रिपोर्ट करणार. मग इमर्जन्सी अपॉइंटमेंट. टीम माझ्यासाठी थांबणार नाही, पण ट्राय तर करते."

"रिपोर्ट केल्यावर सापडला तर?"

"मग युजलेस. कॅन्सल होऊन जाते ना तो."

ती गेली आणि मला घरात एका जागी बसवेना. भांडी घासली, पुन्हा घासली. पोरीने तीन वर्षं या पाच आठवड्यांची वाट पाहिली होती, आणि ते सगळं माझ्या रंगांच्या डब्यांखाली पडलं होतं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता मी लिफाफा घेऊन सुचेताकडे गेले. वरच्या मजल्यावर मायरा खण ओढून पालथे घालत होती, आवाज खालपर्यंत येत होता. सुचेता टेबलाशी बसली होती, समोर फोन. चित्र पुन्हा पुन्हा खाली ओढून ताजं करत होती, आणि ते काही बदलत नव्हतं.

मी लिफाफा समोर ठेवला. "अकरा वाजता ती पासपोर्ट रद्द करणार आहे. दोन तास आहेत. काय करायचं ते तू ठरव. मी आता आणखी खोटं बोलणार नाही."

"तुम्हाला नाही कळायचं, बाई."

"मग कळेल असं सांग. डोंगर पेटला, माणसं गेली, एवढं काल सांगितलंस. माणसं सगळ्यांचीच जातात. माझे हे गेले तेव्हा कुठला डोंगर पेटला होता? तू अशी घाबरलीयेस जसं काही तूच तो पेटवलास."

तिने फोन पालथा ठेवला.

"आमच्याकडे नाशिपाई नावाची मसाई म्हातारी दूध घेऊन यायची," ती म्हणाली. "लांब भोपळ्यात. त्या दुधाला धुराचा वास असायचा, आईला आवडायचा नाही, मला आवडायचा. आईला स्वाहिलीचे चार शब्द यायचे. मी तिची दुभाषी. नाशिपाई दूध ओतता ओतता सांगायची. देव दोन, काळा आणि लाल. काळा पावसाचा, गवताचा. लाल रागाचा. डोंगर धुमसायला लागला की समजायचं, लाल देव बोलतोय. तिच्या लहानपणी, पहिल्या महायुद्धात, डोंगर फुटला होता. राखेने गवत खारट झालं, गाई मेल्या. म्हातारी माणसं म्हणाली, गोरे आपल्या जमिनीवर आपसात लढतात आणि आपण बघत बसलो, त्याची ही खूण. पण नुसती घाबरवायची नाही ती. म्हणायची, खूण म्हणजे शिक्षा नाही, हाक आहे. हाकेला ओ द्यायची असते. बायका जमतात, गवताच्या जुडीने दूध शिंपडतात, गातात. मूल होत नसलेल्या बायका त्याच डोंगराकडे तोंड करून मूल मागतात."

"मग?"

"सहासष्टचा ऑगस्ट. दुपारी दोनला राख पडायला लागली. करडी, पिठासारखी. आकाश असं झाकोळलं की कोंबड्या खुराड्यात शिरल्या. श्रावण होता, दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. प्रसादासाठी आईने मोठं पातेलंभर दूध घेऊन ठेवलं होतं. आई घाबरली. अंधार झाला म्हणून तिने देवापाशी दिवा लावला आणि मला शुभंकरोती म्हणायला बसवलं. दुपारी दोन वाजता! आणि तेवढ्यात नाशिपाई दारात."

वरून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. सुचेता थांबली, मग आणखी हळू बोलू लागली.

"केसांवर राख, भुवयांवर राख. म्हणाली, बायका निघाल्यात. ज्या ज्या घरात मी दूध घातलं त्या घरातून आज एक वाटी परत हवी, शिंपडायला. तुमच्या घराचंही नाव घेऊ. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, दिवा लागलाय. दिवेलागणीनंतर घरातलं दूध बाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते. उद्या सकाळी देऊ म्हण."

"आणि तू?"

"बारा वर्षांची होते मी. एवढं सगळं स्वाहिलीत कसं सांगणार? लाज वाटली. दिवसाढवळ्या दिवा लावून बसलो होतो आम्ही. मी म्हटलं, माझिवा हाकुना. दूध नाही." तिने हात टेबलावर सपाट ठेवला. "पातेलं माझ्या मागे होतं, बाई. झाकणसुद्धा नव्हतं. तिने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गेली. पुन्हा कधी दूध घेऊन आली नाही. तिने सगळ्या घरांची नावं घेतली असणार. आमचं सोडून."

तिच्या आईची चूक म्हणावी, तर आपल्यातली कुठली बाई वेगळं वागली असती? माझ्याही आईने तिन्हीसांजेला शेजारणीला विरजण नाकारलेलं मी पाहिलंय. तिन्हीसांज घड्याळाने होत नाही, दिव्याने होते. पण दुपारी दोनची तिन्हीसांज करणारं माणूस आपल्याशिवाय दुसरं कोण असणार!

"उल्हासरावांना सांगितलं होतंस?"

"कोणालाच नाही."

"मग आता तिला सांग," मी जिन्याकडे बोट केलं. "डोंगर त्या दुपारी दारात आला तेव्हा तू काहीतरी लपवलंस. आज पुन्हा तेच करतेयस."

हे जरा लागेल असं बोलले मी. ती उठली. मला वाटलं, मला हाकलणार. पण लिफाफा उचलून ती जिन्याच्या पायथ्याशी गेली आणि गाड्या थांबवायच्या त्या खणखणीत आवाजात हाक मारली, "मायरा! खाली ये. तुझा पासपोर्ट माझ्याकडे आहे."

मायरा तीन-तीन पायऱ्या उतरत आली. आधी हसली, सापडला म्हणून. मग लिफाफा पाहिला, आजीचा चेहरा पाहिला, माझा पाहिला. हसू गेलं.

"तू घेतली?"

"मी घेतला. नाटकवाल्या आजींकडे ठेवायला दिला."

"दोघींनी? ओ माय गॉड. दोघींनी!" ती मला म्हणाली, "मी तुमचा फ्रिज चेक केला, आजी!"

मी मान खाली घातली. सुचेताने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. राख, दिवा, पातेलं, आप्पा, आजोबा. मायराने तिच्या हातातला लिफाफा घेतला. मग म्हणाली, "आजी, तो डोंगराची लाव्हा इतकी थंड असते की इतर ज्वालामुखींपेक्षा अर्धी. काळी येते, आणि दोन दिवसांत पांढरी होते. वॉशिंग सोडासारखी. तो ठिपका वर्षानुवर्षं तिथे आहे. आम्ही बघतो रोज."

"म्हणजे माझा डोंगर धुणं धुतो, असंच ना?"

"जोक नको करू." तिचा आवाज फाटला. "त्याने तुझ्याकडून काय घेतलं मला माहीत नाही. पण माझ्याकडून त्याने काही घेतली नाही. पासपोर्ट तू घेतली."

खरं होतं ते.

गुरुवारी पहाटे मिहीर गाडी घेऊन आला. सुचेता दारात दह्याची वाटी घेऊन उभी राहिली. मायराने तळहात पुढे केला, दही चाटलं, पण वाकली नाही आणि आजीच्या डोळ्यांत पाहिलं नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी सुचेता वाटी धरून तिथेच.

पुढचे चार दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. पोरीचा निरोप मिहीरला यायचा, "पोचले", "कॅम्पवर आहे". आजीला काही नाही. सुचेता दिवसातून तीनदा माझ्याकडे यायची, बसायची नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहायची, फोन खाली ओढायची, निघून जायची. एकदा अर्धा चहा पिऊन कप घेऊनच घरी गेली. मीही झडपेच्या आवाजासाठी कान लावून असायचे. ऋजुता म्हणाली, "आई, तुम्ही दोघी मिळून तो डोंगर पेटवाल."

सोमवारी दुपारी मी तिच्याकडे होते तेव्हा फोन वाजला. व्हिडिओ. मायराचा चेहरा उन्हाने लाल, नाक सोललेलं, मागे सुळक्यासारखा डोंगर, वरचा भाग बर्फ पडल्यासारखा पांढरट. बर्फ नव्हतं ते.

"आजी." अजून थोडी घुश्शातच होती. "इथे गावात एक म्हातारी आहे. आम्हाला दूध देते. तिला मी तुझी स्टोरी सांगायला लागले, पण माझी स्वाहिली फार बॅड आहे. ती म्हणते, ज्याची गोष्ट आहे त्यानेच सांगायची. देऊ?"

सुचेता एकदम माझ्याकडे बघायला लागली, शब्द विसरलेला नट विंगेकडे बघतो तशी. माझ्याकडे तिचे शब्द नव्हते. मी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला.

फोनमध्ये दुसरा चेहरा आला. कानांत मण्यांच्या माळा, तोंडात मोजके दात, डोळे बारीक. सुचेता बोलायला लागली. स्वाहिली आधी अडखळत, मग वेगाने. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण एका जागी ती थांबली, श्वास घेतला, आणि एक छोटं वाक्य म्हणाली. नंतर तिने मला सांगितलं ते काय होतं. "दूध होतं."

म्हातारीने काहीतरी विचारलं. सुचेताने उत्तर दिलं. आणि म्हातारी हसायला लागली. खदाखदा, मणी हलवत, फोन धरलेल्या मायराला कोपराने ढोसत. तिचं हसू त्या छोट्या यंत्रातून कॉव्हेंट्रीच्या स्वयंपाकघरात सांडत होतं.

"काय विचारलं तिने?" मी दटावून विचारलं. "अगं सांग की!"

"म्हणाली, मग त्या दुधाचं तुम्ही केलंत काय? मी म्हटलं, काही नाही. राख उडून पडली होती त्यात, सकाळी नासलं होतं. आईने झाडाच्या बुंध्याशी ओतलं." सुचेताचे गाल भिजले होते. "ती म्हणते, मग डोंगराने आपली वाटी घेतलीच की. पातेलंभर घेतली. तुम्हीच लोक दानशूर."

मायरा पुन्हा पडद्यावर आली. ती पण हसत होती, आणि डोळे पुसत होती. "आजी, ती मला विचारते, तुझ्या आजीने साठ वर्षं एक वाटी दूधाचा विचार केला? यांच्याकडे गाई नाहीत का?"

"सांग तिला, नाहीत. सुपरमार्केट आहे."

पोरगी खळखळून हसली. मग म्हणाली, "मी निघताना नमस्कार नाही केला. आल्यावर करते. ओके?"

"ये आधी," सुचेता म्हणाली. "सावकाश ये."

फोन बंद झाला. मला वाटलं, आता ती बसेल. मी खुर्ची ओढून दिली, चहा टाकला. ती बसलीसुद्धा, जेमतेम मिनिटभर. मग तिचा अंगठा पुन्हा ते चित्र खाली ओढायला लागला.

"सुचेता!"

"हो, हो. म्हातारी हसली, ते चांगलंच झालं," ती डोळे बारीक करून ठिपक्याकडे बघत म्हणाली. "पण बाई, तिच्या मागे वाऱ्याने धूळ कशी उडत होती पाहिलीत ना? मी मायराला एवढंच लिहिते, की आज वर जाऊ नको. उद्या जा म्हणावं. सकाळी."